नाशिकमध्ये बसून चिनी साइन लँग्वेज शिकायची तर

पहिला प्रश्न ‘कशी शिकायची’ हा नाही, ‘कोणती’ हा आहे. मोबाइलवर नुसतं ‘चायनीज साइन लँग्वेज’ टाकून समोर येईल तो व्हिडिओ बघत गेलात, तर आठवड्याभरात वहीत बीजिंगची एक खूण, हाँगकाँगची दुसरी आणि तैपेईची तिसरी जमा होते. ही खिचडी तिघांपैकी कुणालाच नीट कळत नाही.

तोंडाची भाषा एक म्हणजे हाताचीही एक, हा समज आधी सोडा. इंग्लंड-अमेरिकेत बोलतात इंग्रजीच, पण तिथल्या बधिरांच्या साइन भाषा एकमेकींपासून पार वेगळ्या आहेत. चिनी बोलणाऱ्या प्रदेशांतही तसंच. चीनच्या मुख्य भूमीवर जी चालते तिच्या दोन ठळक बोली मानतात: उत्तरेची, म्हणजे बीजिंगकडची, आणि दक्षिणेची, म्हणजे शांघायकडची. हाँगकाँगची साइन भाषा १९४०च्या दशकाच्या अखेरीस शांघाय-नानजिंगकडून आलेल्या खुणांवर उभी राहिली, पण आज ती वेगळीच भाषा आहे. तैवानचं मूळ तर थेट जपानमध्ये. १८९५ ते १९४५ तैवानवर जपानची सत्ता होती, तेव्हा निघालेल्या बधिरांच्या शाळांमधून तिथली भाषा घडली. तैपेईच्या शाळेवर टोकियोची छाप पडली, ताइनानच्या शाळेवर ओसाकाची. १९४९ नंतर मुख्य भूमीवरून काही खुणा आल्या खऱ्या, पण घराणं जपानीच राहिलं. म्हणून तैवानी बधिराला बीजिंगच्या बधिरापेक्षा जपानी बधिर जवळचा वाटू शकतो. ल्हासाच्या बधिरांची तिबेटी साइन भाषा आणखी निराळी.

निवड करायची ती माणूस बघून. ज्याच्याशी बोलायचंय तो कुठला आहे, कुठल्या शाळेत शिकला, एवढं विचारलं की उत्तर मिळतं. मनात असं कुणी नसेल आणि पांडवलेण्यांवर येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी किंवा पुढे दुभाषाचं काम करण्यासाठी तयारी चालू असेल, तर चीनच्या ‘राष्ट्रीय सामायिक साइन लँग्वेज’पासून सुरुवात करा. तिच्या नेहमीच्या शब्दांची यादी १ जुलै २०१८ पासून अधिकृतपणे लागू झाली आणि त्यानंतर मोठा कोशही निघाला. शाळा, टीव्ही आणि सरकारी कामकाज यांसाठी ही प्रमाण भाषा. घरात आणि मित्रांत माणसं आपापल्या गावच्या खुणा करतात, वयस्कर मंडळी तर हमखास. प्रमाण खूण केल्यावर समोरचा हसून दुसरीच करून दाखवायला लागला, तर तुमचं चुकलेलं नसतं. त्याची खूण उचला आणि वहीत त्याच्या गावाच्या नावाखाली लिहा.

हात उचलायच्या आधी

भारतीय साइन लँग्वेज येत नसेल तर आधी ती. सल्ला वळसा घालायला लावणारा वाटेल, पण कारण रोकडं आहे: चेहरा वापरणं, समोरच्या हवेत माणसांच्या जागा ठरवणं, नजर न हलवता ऐकणं ही कसरत समोर खरा माणूस असल्याशिवाय येत नाही, आणि नाशिकमध्ये समोर मिळणारा माणूस भारतीय साइन वापरणारा असणार. खुणांचा पाया म्हणून दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा कोश इंटरनेटवर फुकट आहे, पण गप्पा मात्र माणसांशीच मारा. शहरातल्या कर्णबधिर शाळांचे माजी विद्यार्थी एकमेकांना धरून असतात. एकाची ओळख झाली की बाकीचे आपोआप भेटतात. त्यांचा वेळ शिकवणीसारखा घेणार असाल तर शिकवणीसारखे पैसेही द्या.

अमेरिकन साइन येत असेल तर इथे तिचा उपयोग बेताचाच. चीनमधली बधिरांची पहिली शाळा १८८७ साली अमेरिकन मिशनरी चार्ल्स आणि ॲनेटा मिल्स यांनी शानडोंग प्रांतात काढली, त्यामुळे लोकांना वाटतं की अमेरिकन खुणाही तिथे पोहोचल्या असणार. पण त्या शाळेचा भर ओठ वाचण्यावर आणि बोलायला शिकवण्यावर होता. मुलांचे हात आपल्या वाटेने गेले.

दुसरी तयारी लेखणीची. साधी, कमी रेघांची चाळीस-पन्नास चिनी अक्षरं लिहायला शिका, रेघांच्या क्रमासकट: माणूस, मोठा, लहान, मध्य, काम, शेत, राजा, वर, खाली, एक ते दहा. रोज पाच अक्षरं घेतली तर दहा दिवसांत होतात. हे टाळून पुढे गेलेला शिकाऊ महिनाभराने हमखास अडतो, कारण अनेक खुणा म्हणजे बोटांनी रचलेली अक्षरंच आहेत.

‘माणूस’ घ्या. चिनी अक्षर म्हणजे वर टेकलेल्या दोन तिरप्या रेघा. खूण करताना दोन्ही तर्जन्यांची टोकं तशीच टेकवायची. ‘मध्य’ या अक्षरात चौकटीतून आरपार गेलेली एक उभी रेघ असते. एका हाताचा अंगठा आणि तर्जनी यांची आडवी चौकट करायची आणि दुसऱ्या हाताची तर्जनी तिच्यावर उभी धरायची. ‘राजा’ हे अक्षर म्हणजे तीन आडव्या रेघा आणि एक उभी. एका हाताची तीन बोटं आडवी, दुसऱ्याची तर्जनी त्यांच्यावर उभी. वांग हे आडनाव याच अक्षराने लिहितात, म्हणून वांग मंडळींचं नाव सांगायलाही हीच खूण चालते. ‘शेत’ या अक्षरासाठी दोन्ही हातांची तीन-तीन बोटं एकमेकांवर जाळीसारखी ठेवतात.

इथे चूक होते ती बोटांच्या कोनात. ‘मध्य’ करताना उभी तर्जनी तिरकी झाली की अक्षर मोडतं. आरशासमोर न करता मोबाइलवर चित्रण करा आणि चित्र थांबवून कागदावरच्या अक्षराशी ताडून बघा. वरची चारही अक्षरं डावी-उजवी सारखी आहेत, त्यामुळे करणाऱ्याला आणि बघणाऱ्याला ती एकसारखीच दिसतात. हवेत बोट फिरवून लिहिलेल्या अक्षराचं तसं नसतं. लिहिणारा आपल्या बाजूने लिहितो आणि समोरच्याला ते उलटं दिसतं. चिनी बधिर माणसं हवेत आणि तळहातावर अक्षरं सर्रास लिहितात. तेव्हा सरळ उठून त्यांच्या शेजारी उभे राहा. त्यात काही वावगं नाही.

बोटांची मुळाक्षरं आणि ‘नाशिक’

चिनी फिंगरस्पेलिंगचा, म्हणजे एकेक अक्षर बोटांनी दाखवण्याचा, आराखडा १९६३ सालचा. त्यात ३० आकार आहेत: रोमन लिपीतली २६ अक्षरं, शिवाय पिनयिनमधले, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीतले, झेडएच, सीएच, एसएच आणि एनजी हे चार जोड-ध्वनी. प्रत्येक जोडीला एकच स्वतंत्र आकार. सगळं एका हाताने. भारतीय पद्धतीत इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात, त्यामुळे आपल्याकडे शिकलेल्यांचा दुसरा हात मध्येच वर येतो. सुरुवातीचे काही दिवस तो खिशात घाला.

सी, एल, ओ, व्ही, डब्ल्यू आणि वाय हे आकार अमेरिकन मुळाक्षरांतल्यासारखेच दिसतात, म्हणून ते आधी उरकता येतात. ए म्हणजे मूठ आणि वर ताठ अंगठा. आय म्हणजे उभी तर्जनी. एच म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट चिकटून उभी, आणि हीच दोन बोटं एकमेकांवर चढवली की एक्स. एनजीसाठी फक्त करंगळी. रोज सात-आठ आकारांपेक्षा जास्त घेऊ नका, नाहीतर एच, व्ही आणि एक्स यांची गल्लत होते.

गाडी अडते ती स्पेलिंगमध्ये. ‘शांघाय’ रोमन लिपीत आठ अक्षरांचं, पण बोटांवर सहा आकारांचं: एसएच, ए, एनजी, एच, ए, आय. एस आणि एच सुटे दाखवलेत तर समोरचा गोंधळतो.

आता ‘नाशिक’. आपण सवयीने एन, ए, एसएच, आय, के असं करू. चिनी माणूस त्यातला ‘एसएच-आय’ हा तुकडा पिनयिनप्रमाणे वाचेल, आणि पिनयिनमध्ये त्याचा उच्चार ‘शि’ नाही. जीभ मागे वळवून केलेला, ‘ष’ आणि ‘र’ यांच्या मधला कुठलातरी तो आवाज आहे. आपल्या ‘शि’च्या जवळचा ध्वनी पिनयिनमध्ये एक्स-आय असा लिहितात. चिनी नकाशांत नाशिकचं नाव ‘ना-शी-ख’ असं तीन अक्षरांत येतं: एन-ए, एक्स-आय, के-ई. बोटांनी तेच करा. त्याहून बरं म्हणजे आधी मोबाइलवर नकाशा उघडून मुंबई दाखवा, तिथून ईशान्येला बोट न्या आणि मग नाव. कुठे आहे हे कळल्याशिवाय नुसत्या अक्षरांचा काही उपयोग होत नाही.

पिनयिनच्या बाबतीत मराठी माणसाची एक सोय आहे. इंग्रजीच्या कानाला त्यातले बी-पी, डी-टी, जी-के कळेनासे होतात. आपल्याला ते प-फ, त-थ, क-ख असे थेट सापडतात, फक्त ‘फ’ ओठ मिटून म्हणायचा. झेड म्हणजे जवळपास ‘चमचा’मधला च, आणि त्यालाच हकार दिला की सी. खुणा करताना तोंडही हलतं, म्हणून हे कामाला येतं. बरेच चिनी बधिर खुणेसोबत शब्दाचा आकार ओठांवर आणतात.

फिंगरस्पेलिंगवर फार वेळ मात्र घालवू नका. अमेरिकेच्या मानाने चीनमध्ये ते बरंच कमी चालतं. जुन्या पिढीतल्या पुष्कळांचा हात पिनयिनवर बसलेलाच नसतो. नाव अडलं की ते अक्षर लिहून दाखवतात.

आकडे

एक ते नऊ एकाच हातावर. पाचपर्यंत अडचण नाही. सहा म्हणजे अंगठा आणि करंगळी ताठ, बाकीची मिटलेली. सात म्हणजे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची टोकं चिमटीत. आठ म्हणजे अंगठा आणि तर्जनी ताठ. नऊ म्हणजे हुकासारखी वाकवलेली तर्जनी.

इथे दोन बाजूंनी घोळ होतो. एक तर हेच आकार मुळाक्षरांतही आहेत: सहा आणि वाय, आठ आणि एल, नऊ आणि जे, एक आणि आय. आधी-नंतर काय आलं यावरूनच ते ओळखायचं असतं, म्हणून सुटे आकडे पाठ करण्यापेक्षा भाव, वेळ आणि बस नंबर यांचा सराव करा. दुसरा घोळ आपल्या सवयींचा. चिनी सहा आपल्याला ‘फोन कर’ वाटतो. साताची चिमूट तोंडाकडे गेली की घास वाटतो. आणि आपण बोटांच्या पेरांवर मोजायला लागलो की चिनी पाहुण्याला काहीच उमगत नाही. बाजारात द्राक्षांचा भाव सांगायचा तर आकडा मोबाइलवर टाइप करून दाखवा आणि सोबत खूण करा. दोन्ही एकदम पाहिल्याने पुढच्या वेळी नुसती खूण पुरते.

पहिल्या काही खुणा, आणि त्या कुठे बिघडतात

नमस्कार: समोरच्याकडे तर्जनी, मग ताठ अंगठा. आपल्याकडे कुणाकडे बोट दाखवणं उद्धट मानतात, म्हणून शिकाऊ मंडळी अर्धवट, ओशाळलेलं बोट करतात. साइनमध्ये बोट हे सर्वनाम आहे. नीट दाखवा.

आभार: अंगठा ताठ, बाकी मूठ, आणि अंगठ्याचं पेर दोनदा वाकवायचं. मनगट हललं की खूण गेली. हात स्थिर ठेवून फक्त अंगठा वाकवायला बोटांना दोन-तीन दिवस लागतात.

माफी: हात सलामासारखा कपाळाशी, मग खाली आणून करंगळीने स्वतःच्या छातीवर टिचकवायचं. दुसरा भाग गाळला तर तो नुसता सलाम होतो. करंगळी का, हे समजून घ्या. चिनी साइनमध्ये ताठ अंगठा चांगल्याकडे नेतो आणि करंगळी वाईटाकडे, आणि हे जोडपं कितीतरी खुणांत लपलेलं असतं. भारतीय साइन येणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. बाकीच्या नाशिककरांनी एवढंच लक्षात ठेवावं, की शाळेत करंगळी दाखवून बाहेर जायची परवानगी मागतात तो अर्थ तिथे नाही.

जेवण: आपल्याकडे पाची बोटं जुळवून तोंडाशी नेतात. तिकडे तर्जनी आणि मधलं बोट काड्यांसारखी तोंडाकडे ढकलतात.

नाती: अंगठा ओठांना लावला की वडील, तर्जनी लावली की आई. थोरल्या भावंडांसाठी मधलं बोट, धाकट्यांसाठी करंगळी, आणि मग पुरुषाची किंवा बाईची खूण. पुरुषासाठी केसांवरून हात, बाईसाठी कानाची पाळी चिमटीत. म्हणजे ‘ताई’ म्हणताना मधलं बोट ओठांशी जातं. ते बघून वर्गात कुणी फिदीफिदी हसणार असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा.

चीन: तर्जनी गळ्यापासून छातीवरून आडवी आणि मग कमरेकडे खाली, जुन्या झग्याच्या बाजूच्या काठासारखी. शांघायसाठी दोन्ही करंगळ्या एकमेकींत अडकवायच्या, एक वर, एक खाली.

चांगला व्हिडिओ कसा ओळखायचा

ऐकू येणारे हौशी लोक चिनी वाक्य बोलत बोलत शब्दाला शब्द लावून हात हलवतात. दिसायला छान, पण बधिर माणसं आपसांत असं बोलत नाहीत. आवाज बंद करून एक मिनिट बघा. ओठ अखंड चालू, हात छातीसमोरच्या एका जागेवर खिळलेले, भुवया निपचित असं दिसलं तर तो व्हिडिओ सोडा. नैसर्गिक साइनमध्ये विषय आधी येतो. प्रश्नाचा शब्द आणि नकार बहुधा शेवटी येतात. ‘जेवलास का’ विचारताना भुवया आणि मान शब्दाइतक्याच बोलतात. माणसांना हवेत जागा दिली की पुढे नाव न घेता त्या जागेकडे बोट करून काम भागतं. मराठी माणसाला क्रियापद मागे ढकलायची सवय आहे, पण म्हणून मराठी वाक्य जसंच्या तसं हातांवर उतरवू नका. नकार शेवटी आला म्हणून चेहरा शेवटपर्यंत थांबत नाही, तो आधीपासूनच नाही म्हणत असतो.

२००५च्या चिनी नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमात ‘हजार हातांची ग्वानयिन’ हे नृत्य गाजलं. थाय लीह्वा या बधिर नर्तकीच्या मागे एका रांगेत बाकीचे बधिर कलाकार होते. ते जरूर बघा, पण ते नृत्य आहे, साइन नव्हे. त्यातून शब्द शोधू नका.

व्हिडिओ निम्म्या वेगाने बघा आणि प्रत्येक खुणेच्या चार गोष्टी वहीत लिहा: बोटांचा आकार, अंगावरची जागा, तळव्याची दिशा, हालचाल. पाचवी चेहऱ्याची. शिकवणारा उजव्या हाताने करत असेल तर तुम्हीही उजवाच वापरा. पडद्यावर समोरासमोर बघताना आरशासारखा डावा उचलला जातो. डावखुरे असाल तर सगळंच डाव्याने करा, पण मध्येच हात बदलू नका.

कॉल आणि भेट

मुख्य भूमीवरचे बधिर वीचॅटवर असतात आणि ते ॲप भारतात जून २०२० पासून बंद आहे. तिकडे व्हॉट्सॲप आणि यूट्यूब चालत नाहीत. त्यामुळे ओळख ई-मेलने वाढवून दोन्हीकडे चालणारी कॉलची सोय आधी तपासून घ्यावी लागते. हाँगकाँगमध्ये व्हॉट्सॲप आणि तैवानमध्ये ‘लाइन’ नावाचं ॲप सर्रास चालतं, तिथे हा त्रास नाही. घड्याळ अडीच तास पुढे असतं. आपल्याकडे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे साडेनऊ, तेव्हा कॉल त्याआधीच लावा.

मोबाइल हातात धरू नका, टेकवून ठेवा. डोक्याच्या वर चार बोटं मोकळी आणि खाली कमरेपर्यंत अंग दिसलं पाहिजे, बाजूंनी कोपरं मावली पाहिजेत. उजेड समोरून हवा. खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा पडतो आणि निम्मं व्याकरण जातं. एकरंगी, त्वचेपेक्षा वेगळ्या रंगाचा शर्ट घाला. पावसाळ्यात नेट रडत असेल तर चित्राचा दर्जा कमी करा आणि हळू साइन करा. अडकत येणाऱ्या चित्रात सगळ्यात आधी गिळली जाते ती बोटांची हालचाल.

पाहुणे प्रत्यक्ष नाशिकला येणार असतील तर सोबत एक नाशिककर बधिर व्यक्ती घ्या आणि तिच्या कामाचे पैसे ठरवा. दोन देशांचे बधिर एकमेकांची भाषा येत नसतानाही अभिनय, बोटं आणि चेहरा यांवर अर्ध्या तासात जे जमवतात, ते ऐकू येणाऱ्या शिकाऊ दुभाष्याला जमत नाही. तुम्ही मराठी आणि भारतीय साइन यांमधला दुवा सांभाळा.

मोबाइलवर भाषांतराचं ॲप ठेवा. मुख्य भूमीवरच्या पाहुण्यासाठी त्यात सोपी केलेली (‘सिम्प्लिफाइड’) चिनी अक्षरं निवडा, तैवान-हाँगकाँगच्या पाहुण्यासाठी पारंपरिक (‘ट्रॅडिशनल’). वाक्यं तोकडी लिहा, कारण लिखित चिनी ही पुष्कळ बधिरांची दुसरी भाषा असते. आणि मान डोलावू नका. आपलं ‘हो हो’चं डोलणं तिकडे ‘नाही’सारखं दिसतं. हो म्हणायचं तर मान सरळ वर-खाली.

हाक मारायची तर खांद्यावर हलकं थोपटा किंवा नजरेच्या टप्प्यात हात हलवा. दोघं बोलत असताना मधून जावं लागलं तर थांबून माफी मागू नका, झटकन निघून जा. थांबलात की बोलणं तुटतं. हॉटेलला आधी सांगा, की दार वाजवून उपयोग नाही, खोलीतला दिवा चालू-बंद करावा लागेल किंवा मेसेज पाठवावा लागेल. रामकुंडावर किंवा २०२७च्या सिंहस्थाच्या गर्दीत नेणार असाल तर चुकामूक झाल्यावर कुठे भेटायचं ते ठिकाण आधी फोटोवर दाखवून ठेवा. लाउडस्पीकरवरची घोषणा त्यांच्यासाठी नसल्यातच जमा.

आणि मिसळ समजावून सांगायची वेळ आली तर तिला खूण शोधत बसू नका. एका हाताची वाटी करा, मोड आलेली मटकी दाखवायला करंगळीचं टोक वाकवा, वरून रस्सा ओता, फरसाण भुरभुरा, तिखटासाठी जीभ बाहेर काढून हाताने वारा घ्या, आणि मग ताठ अंगठा.